काटा उलटा चालतो, म्हणून युनिट बदला?

गॅरेजमध्ये पार्ट बदलायला हजार-दोन हजार रुपये आपण निमूट काढून देतो. पण एखाद्यानं तासभर डोकं घालून ‘पार्ट चांगला आहे, बदलू नका’ असं सांगितलं आणि त्याचे दोनशे मागितले, की आपलं तोंड वाकडं होतं. ‘नुसतं बघायचे पैसे?’ हा प्रश्न सात रस्त्यापासून अक्कलकोट रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजात उभं राहा, ऐकायला मिळेल. मग मेकॅनिक तरी काय करणार? तो पार्ट विकतो. आमच्या साडूंच्या गाडीत पेट्रोलचा काटा उलटा चालायला लागला, ते प्रकरण त्यातलंच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी जुनी, पेट्रोलची. सोलापूरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभी राहून डॅशबोर्डला तडे गेलेले. भंगारातून एक बरा डॅशबोर्ड मिळाला, त्यात आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा असलेलं झोकदार मीटर. फक्त ते दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचं. वायरिंग जुळवलं, दिवे लागले, स्पीडचा काटा हलला, सगळे खूश. गाडी ताब्यात घेताना टाकी साधारण अर्धी होती आणि पेट्रोलचा काटाही अर्ध्याच्या आसपास. उलट्या काट्याची खरी मेख इथंच आहे. अर्ध्या टाकीला तो शहाण्यासारखा वागतो, त्यामुळे कुणालाच शंका येत नाही.

मग गाडी पळेल तसा काटा वर चढायला लागला. साडू मला फोनवर सांगतात, “अहो, मीटर बदलल्यापासून ॲव्हरेज लई सुधारलं बघा!” तुळजापूरला निघाले आणि तामलवाडीच्या अलीकडं गाडी बंद. काटा ‘एफ’ला टेकलेला आणि त्याच्या शेजारी पंपाचं चित्र असलेला पिवळा दिवा लख्ख पेटलेला. तो दिवा आदल्या दिवसापासून पेटत होता. ‘वायरिंगमध्ये काहीतरी घोळ असेल’ म्हणून साडूंनी तो सोडून दिला होता.

खरं तर तो दिवाच खरं बोलत होता. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या दिव्याचा आणि काट्याचा संबंध नसतो. टाकीत खाली एक छोटा थर्मिस्टर बसवलेला असतो, म्हणजे तापल्यावर ज्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) बदलतो असा पार्ट. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो. पेट्रोल खाली गेलं की उघडा पडतो, तापतो, त्याचा रोध कमी होतो आणि दिवा लागतो. त्यामुळे काटा ‘फुल्ल’ म्हणतोय आणि दिवा ‘संपलं’ म्हणतोय, असं दिसलं तर दिव्यावर विश्वास ठेवायचा.

पुढं जे व्हायचं तेच झालं. एकानं सांगितलं, फ्लोट (टाकीत पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) गेलाय. टाकीतलं नवं युनिट, म्हणजे फ्लोटसकट पेट्रोल मोजणारा अख्खा पार्ट टाकला, काटा तसाच उलटा. दुसरा म्हणाला, युनिटच्या दोन वायरी उलट्या जोडा. जोडल्या, फरक शून्य. फरक पडणारच कसा? आत एक साधा रेझिस्टर, म्हणजे रोधाचा तुकडा आहे, त्याला प्लस-मायनस कळत नाही. तिसऱ्यानं तर कमाल केली: “मालक, उलटं वाचायची सवय करून घ्या की.” याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. गाडी काय एकटे साडूच चालवतात? उद्या पोरगा रात्री घेऊन जाईल, त्याला कोण सांगणार? शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडली तर पंपाचा खर्च वेगळा.

आता मूळ भानगड. टाकीतल्या दांडीच्या टोकाला फ्लोट असतो. तो वर-खाली होताना दांडीची दुसरी बाजू रोधाच्या पट्टीवर सरकते आणि मीटर तो रोध मोजून काटा हलवतं. पण टाकी भरल्यावर रोध कमी व्हावा की जास्त, यावर जगातल्या कंपन्यांचं एकमत नाही. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीला 0 ओहम (रोधाचं माप) आणि भरलेल्या टाकीला 90. फोर्डच्या जुन्या गाड्यांत रिकामी 73, भरलेली 10. युरोपात चालणाऱ्या, व्हीडीओ (VDO) या मीटरच्या कंपनीच्या मापात रिकामी 10, भरलेली 180. एका घराण्याची टाकी आणि दुसऱ्या घराण्याचं मीटर जोडलं की दोन्ही पार्ट ठणठणीत असून काटा उलटा. साडूंनी बदललेलं पहिलं युनिट चांगलंच होतं!

हे शोधायला व्होल्ट-ओहम मोजायचं साधं मल्टीमीटर पुरतं. विजापूर रोडच्या ज्या इलेक्ट्रिशियनकडं शेवटी गाडी नेली, त्यानं मागचं सीट उचललं, आधी बॅटरीची मायनस काढली (मे महिन्यात टाकीजवळ ठिणगी नको), युनिटचा कनेक्टर सोडवून ओहम मोजले. मग युनिटच्या जागी हातानं फिरवायचा रेझिस्टर लावला, बॅटरी जोडली आणि कुठल्या आकड्याला काटा ‘ई’वर जातो, कुठल्याला ‘एफ’वर, ते वहीत लिहून घेतलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर सगळं कळलं.

वायरीत जादा रेझिस्टर टाकून हे सुटत नाही. त्यानं काटा थोडा सरकतो, दिशा बदलत नाही. काही युनिटमध्ये रोधाच्या पट्टीचं दुसरं टोक मोकळं असतं, तिथं जोडणी केली तर दिशा फिरते, पण आकडे जुळले नाहीत तर भरलेली टाकी पाऊणच दिसते. मधे छोटं सर्किट बसवून आकडे उलटवणं हाही मार्ग आहे. आमच्या माणसानं त्याहून सरळ केलं. साडूंनी जुनं मीटर फेकलं नव्हतं. त्यातला पेट्रोलचा गेज (काट्याचा सुटा भाग) मागच्या तीन छोट्या पितळी नटांवर बसलेला होता. त्या नटांमधूनच करंट जातो. तो गेज काढून नव्या मीटरमध्ये कानसून बसवला. त्याआधी जुन्या गेजला किती व्होल्ट लागतात आणि नव्या मीटरमधून किती येतात तेही तपासलं, कारण काही जुन्या गेजना बॅटरीचे पूर्ण 12 चालत नाहीत. मग पाच-पाच लिटर पेट्रोल ओतत काटा पाहिला. चढला, सरळ चढला.

मजुरी सांगितल्यावर साडू म्हणाले, “पार्ट तर काहीच टाकला नाही की!” मी खिशात हात घातला तेव्हा कुठं त्यांनी पैसे काढले. फुकट गेलेल्या युनिटचे पैसे देताना मात्र ते एक अक्षर बोलले नव्हते.

कुणी मीटर बदलणार असेल तर दुसऱ्या कंपनीचं घेण्याआधी टाकीतल्या युनिटचे ओहम मोजून घ्या आणि जुनं मीटर गॅरेजात सोडून येऊ नका. आणि हो, मीटरबरोबर किलोमीटरचा आकडाही बदलतो. जुन्या मीटरवरचं शेवटचं रीडिंग तारखेसकट बिलावर लिहून घ्या, गाडी विकताना विचारतात.