पैसे लगेच कापता, मग रोमिंग का अडवून ठेवता?

आज रात्री आईचं विमान आहे. फ्रँकफर्टला, ताईच्या बाळंतपणासाठी. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी, सगळं भरून झालं. आईचा हाच नंबर तिकडेही चालावा म्हणून मोबाईल कंपनीचा रोमिंग पॅक घेतला, आणि फोनवर अजून तोच मेसेज: 'आपली विनंती प्राप्त झाली आहे, २४ तासांत सेवा सुरू होईल.' ते २४ तास कधीच उलटून गेले. पॅकचे पैसे मात्र बटण दाबल्या दाबल्या कापले. तेव्हा कुठली 'प्रोसेस' आडवी आली नाही.

दुपारी घोडबंदरच्या त्या ट्रॅफिकमधून रिक्षाने गोखले रोडला कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे त्यांच्या दुकानात गेले. मेट्रोचे खांब, खड्डे, कापूरबावडीला पुन्हा सगळं ठप्प. आत टोकन घ्या, बसा. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणतो, "मॅडम, सिस्टीमला ॲक्टिव्ह दाखवतंय." मग कस्टमर केअरवाली 'प्रोसेसमध्ये' का म्हणते? "बॅकएंडला रिक्वेस्ट टाकलीय." मग ॲक्टिव्ह कसं? "फोन रिस्टार्ट करून बघा." आणि शेवटी कहर: "तिथे उतरल्यावर आपोआप लागेल. नाही लागलं तर कॉल करा."

कशावरून कॉल करायचा रे? ज्या फोनला नेटवर्क नाही त्यावरून? अडुसष्ट वर्षांची बाई, पहिल्यांदा एकटी निघालीय, तिने परक्या विमानतळावर उभं राहून तुमचं कस्टमर केअर शोधायचं?

आणि आपोआप काही लागत नसतं. तिकडचं नेटवर्क फोनला आत घेण्याआधी इथल्या कंपनीच्या यंत्रणेला विचारतं की या नंबरला परदेशात परवानगी आहे का. इथून 'नाही' गेलं की तिकडे टॉवर डोक्यावर असला तरी उपयोग नाही. म्हणजे खिट्टी इथेच, यांच्या हातात आहे. ती काढायची सोडून आईला रिस्टार्ट करायला सांगतात!

बोलण्यासाठी व्हॉट्सॲप आहे, ताईकडे वायफाय आहे, जर्मन सिमही मिळेल. तो प्रश्नच नाही. आईची पेन्शन ज्या खात्यात येते त्याचा ओटीपी याच नंबरवर येतो. कार्ड वापरायचं, ओटीपी. नेट बँकिंग उघडायचं, ओटीपी. हा नंबर बंद म्हणजे आईचे स्वतःचे पैसे तिच्यासाठी कुलूपबंद. ताईपुढे हात पसरायची वेळ तिच्यावर का यावी? आयुष्यभर नोकरी करून कमावलेत तिने ते.

युरोपियन युनियनमधली माणसं जून २०१७ पासून आपल्याच सिमवर, रोमिंगचा जादा आकार न देता, एका देशातून दुसऱ्या देशात जातात. आम्ही फुकट मागत नाही. पैसे आधीच भरलेत, पावतीही आहे. आम्ही फक्त सेवा मागतोय.

पण यांची सवयच ती. २८ दिवसांचा महिना यांनीच काढला, वर्षाला १२ ऐवजी १३ रिचार्ज. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, आदेश काढून बजावावं लागलं, निदान एक पॅक तरी ३० दिवसांचा ठेवा म्हणून. पॅक संपत आला की दिवसातून दहा मेसेज येतात. तेव्हा बॅकएंड अगदी वेळेवर चालतं. मराठीचा पर्याय दाबावा तर पलीकडून हिंदीच. ठाण्यात! तक्रार केली की तक्रार क्रमांक येतो, मग 'आपली तक्रार निवारण झाली आहे' असा मेसेज येतो, आणि रोमिंग तसंच बंद. काहीही न करता तक्रार बंद करणाऱ्या माणसाचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

आईचा नंबर आत्ता दुसऱ्या कंपनीकडे पोर्टही करता येत नाही, कारण ती तिकडे असताना तोच चालू हवा. हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून एवढे निवांत आहेत. पण घरातले बाकीचे नंबरही यांच्याकडेच आहेत. बाबांचा, नवऱ्याचा, माझा. १९०० वर पोर्टचे मेसेज मी उद्या सकाळीच पाठवतेय. मग यांचा गोड आवाजातला फोन येईल, "मॅडम, काय अडचण झाली?" म्हणून. तो मी उचलणार नाही.