पालकांचा सहभाग कशाला मोजायचा? सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की पालकांचा सहभाग मोजायच्या नादात शिक्षकाच्या माथी अजून एक रजिस्टर येणार, आणि मोलमजुरी करणाऱ्या, न शिकलेल्या आईबापाकडून अपेक्षा तरी काय करायची. रजिस्टरचं शंभर टक्के पटलं. दुसरं अजिबात नाही.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या महिला पाहिजेत, कागदावर ते सगळं जमतंय. पण ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव-पलूसकडच्या बाया सकाळीच द्राक्षबागेत, आणि आपण पालक मेळावा ठेवायचा अकरा वाजता, रोजगार बुडवून कोण येणार सांगा? मग अहवालात 'पालक उदासीन'. म्हणून मी म्हणतोय मार्क मेळाव्यासारख्या कार्यक्रमाला द्या, पालकांना नको. वेळ कुणाच्या सोयीनं ठरली, कोण आलं नाही, त्यांच्या दारात कुणी गेलं का, हे बघा.

आणि विचारायचं कसं तेही महत्त्वाचं आहे. 'मुलाच्या अभ्यासाकडं लक्ष देता का?' म्हटलं की सगळे 'देतो की' म्हणणारच. त्यापेक्षा 'काल पोरगी शाळेतनं आल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं?' असं विचारा, मग कळतं की स्वतःला वाचता न येणारी आई भाकरी थापताना पोरीला शेजारी बसवून धडा म्हणायला लावते, अडखळली की 'परत म्हण' म्हणते. हा सहभाग कुठल्या रजिस्टरात येतो सर?

'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणवाले 2005 पासून घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, ते समोर बघितलं की पोरगं कुठं अडतंय हे न शिकलेल्या आईलाही समजतं. आपली मोजणीही तेवढी साधी ठेवा. फक्त वर्षाच्या सुरुवातीला ज्या घरांना विचारलं त्यांनाच शेवटी विचारा, आणि मेळाव्याला न येणारी घरंही घ्या, कारण येणाऱ्या आया बहुतेक आधीपासनंच लक्ष देणाऱ्या असतात. ऊसतोडीला बीडकडनं आलेली कुटुंबं तर पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की निघून जातात, मोजणी एप्रिलअखेर ठेवली तर ती पोरं यादीतच नसणार, त्यांना आधी गाठायला लागेल.

हे सगळ्या घरांना विचारायची गरज नाही, चिठ्ठ्या टाकून दहा-बारा घरं काढली तरी चालतील, आणि विचारणारा वर्गशिक्षक नसावा म्हणजे लोक मोकळं बोलतात, तुमचा तापही वाचतो. पुढचा मेळावा संध्याकाळी साडेसातला घेऊन बघा सर, कोण नवीन आलं ते इथंच लिहा.