‘ग्राफिक कार्ड नाही तर इफेक्ट नाही’ म्हणणाऱ्यांना

बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या शूटिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: कमी बजेटच्या व्हिडिओत धूर, धुरळा, ठिणग्या, उडता गुलाल असल्या भानगडीत पडू नका. त्याला लाखभराचं मशीन आणि विकतचे प्लगइन (सॉफ्टवेअरला वरून जोडायची अवजारं) लागतात. हिरवा पडदा नसेल तर कंपोझिटिंग (दोन चित्रं एकात बसवणं) होतच नाही. धुराधुरळ्याचे कण भरपूर सोडले की खरं वाटतं. शूटिंग कसंही झालं तरी एडिटिंगला सावरता येतं. आणि आता एआय सगळं करून देतो, तेव्हा शिकायची गरजच उरलेली नाही. यातलं पहिलं आणि शेवटचं म्हणणं एकमेकांना खातं, हे फॉरवर्ड करणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तरीही नवीन पोरं हे वाचून हात आखडता घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मशीन आणि प्लगइन. पार्टिकल सिस्टीम, म्हणजे धूर-धुरळा सुट्या कणांतून उभा करायची कल्पना, विल्यम रीव्ह्ज यांनी 1983 साली शोधनिबंधात मांडली. प्रत्येक कणाला जन्म, वेग, रंग, आयुष्य आणि मरण द्यायचं, बाकी काम गणित करतं. त्या काळच्या संगणकाची ताकद आज खिशातल्या साध्या मोबाईलपुढे काहीच नव्हे. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत फ्यूजन हा इफेक्टचा विभाग आहे, त्यात कणांची सगळी अवजारं आहेत, आणि 3840 × 2160 पर्यंत एक्सपोर्ट मिळतो. विकतचं आफ्टर इफेक्ट्स घेतलंच असेल तर कण सोडणारं सीसी पार्टिकल वर्ल्ड आणि पडद्याचा रंग काढणारं कीलाइट त्यातच येतात. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर 2002 पासून मुक्त आहे, आणि त्यात केलेलं काम विकायला कुणाची परवानगी लागत नाही. 2025 साली ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्येच बनलाय. जुन्या मशीनवर रेंडरला (तयार व्हिडिओ काढायला) वेळ लागतो हे खरं. प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी प्रत) करा, रेंडर रात्री लावा. लग्नाचा अल्बम छापून यायला लागतो त्याहून जास्त वेळ नाही लागत.

हिरवा पडदा. आपल्याकडे तर हा सल्ला उलटा अंगलट येतो. नवरीच्या हातात हिरवा चुडा, अंगावर बऱ्याचदा हिरवा शालू. एडिटिंगला पडद्याचा हिरवा रंग पुसायला गेलं की मनगटापासून हातच गायब. तिथे निळं कापड लावा. त्यात मोबाईल आणि साधे कॅमेरे चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतात, त्यामुळे केसांच्या कडा कितीही चांगल्या पडद्यावर कुरतडल्यासारख्या निघतात. मुळात धुरळा किंवा धूर वर चढवायला पडदा लागतोच कशाला? कण माणसाच्या पुढे थोडे, मागे थोडे दिसले पाहिजेत, एवढंच काम असतं. त्यासाठी माणसाभोवती आखलेला ढोबळ मास्क पुरतो, कारण त्याची कड धुरळ्याखाली जाते. पावसाळ्यात खानापूरच्या जांबोटीकडे आभाळ पांढरंफेक असतं. माणूस चढावर उभा करून खालून शूट केलं तर लुमा की मारून (उजळ भाग तेवढा काढून) आभाळ बदलता येतं. निसर्गाने फुकट पडदा दिलाय, एक्स्पोजर तेवढं चढवू नका, नाहीतर उजेड केसांत शिरतो.

कण जितके जास्त तितके खरे, हे मात्र निखालस खोटं. बेळगावजवळच्या राजहंसगडावर संध्याकाळी उभं राहून बघा. वारा एका बाजूने येतो, भगवा त्याच बाजूला फडफडतो, पदर त्याच बाजूला जातो. अशा शॉटवर कुणीतरी चारी दिशांना उधळणारा धुरळा चढवतो आणि मग म्हणतो प्लगइन हलकं आहे! कण निम्मे करा, वाऱ्याची दिशा झेंड्याशी जुळवा, हवेचा अडथळा थोडा वाढवा, थोडं टर्ब्युलन्स (वाऱ्याची घुसळण) द्या. शॉट सेकंदाला 25 फ्रेमवर 1/50 शटरने घेतला असेल तर कणांनाही तेवढाच मोशन ब्लर (हालचालीचा फराटा) हवा. शूटिंगमध्ये मागचं झाड धूसर असेल तर मागचे कणही धूसर हवेत. शेवटी सगळ्यावर एकच ग्रेन (रवाळपणा) टाका. स्वच्छ कण आणि रवाळ चित्र एकत्र आलं की कच्चेपणा लगेच दिसतो.

आता गुलालाचं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या व्हिडिओत हमखास दिसणारी चूक म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरची गुलालाची क्लिप स्क्रीन मोडने चढवणं. स्क्रीन मोड उजेड वाढवतो, म्हणून आगीला, ठिणग्यांना, कंदिलाच्या झळाळीला तो बरा. दिवसाढवळ्या गुलाल चकाकत नाही, तो मागचं झाकतो. म्हणून असं करा: बेळगावच्या खडेबाजारातून काळं मखमल आणा, सूर्य मागच्या बाजूला तिरका ठेवून त्याच्यापुढे मैदा मुठीने उधळा. धूळ समोरच्या उजेडात मरते आणि मागच्या उजेडात जिवंत होते. ही पांढरी क्लिप लुमा मॅट म्हणून वापरा (उजळ तिथे रंग दिसतो, काळं तिथे नाही) आणि आत हवा तो रंग भरा. गुलाबी भरला तर मिरवणूक, पिवळा भरला तर सौंदत्तीच्या यल्लमाचा भंडारा. एक क्लिप वर्षभर पुरते. मात्र जवळ समई, मशाल, सिगारेट काहीही नको. हवेत उडालेलं बारीक पीठ पेट घेतं. 2015 मध्ये तैवानच्या एका वॉटरपार्कमध्ये रंगीत मक्याच्या स्टार्चने असाच पेट घेतला आणि 15 जणांचा जीव गेला.

‘एडिटिंगला बघू की’ हे वाक्य आपल्या भागात इतकं रुजलंय की त्यावर भांडण नको वाटतं. पण मशालीचा उजेड चेहऱ्यावर नसेल तर मशाल कितीही छान बनवा, ती चिकटवलेलीच दिसणार. शूटिंगला नारिंगी कागद लावलेला एलईडी हातात धरून एखाद्या पोराला तो हलवत बसवा. नंतरचे कितीतरी तास वाचतात. आणि दिवाळीचा किल्ला मोडेपर्यंत नुसता ठेवू नका. आपल्याकडे गल्लोगल्ली ते सुरेख होतात, तो तयार सेट आहे. नियम असा की छोटं मॉडेल मोठं वाटायला वेळ वर्गमुळाने ताणायचा. किल्ला खऱ्याच्या 25 पट लहान धरला तर 5 पट. 25 फ्रेमच्या व्हिडिओला 125 फ्रेम लागतात, म्हणजे मोबाईलचा 120 चा मोड जवळजवळ नेमका. बुरुजावरून ढकललेलं ढेकूळ खरंच दरड वाटायला लागतं. हे उन्हात किंवा बॅटरीच्या दिव्यावर घ्या. घरच्या 50 हर्ट्झ विजेवरच्या दिव्यांचा सेकंदाला 100 वेळा होणारा लपलपाट 120 फ्रेमला स्पष्ट दिसतो आणि तो कुठल्याही एडिटिंगला नीट जात नाही.

राहिला एआय. त्याच्याकडून काळ्या पार्श्वभूमीवरचा धूर खुशाल मागवा, चालतो. अख्खा शॉट मागवला की नवरीच्या मुंडावळ्या दर क्लिपला वेगळ्या येऊ शकतात, नाकही थोडं बदलतं. आणि व्हिडिओचे पैसे देणाऱ्या सासूबाईंना आपली सून ओळखायला यायला पाहिजे.