तळावरचा एक नळ आणि चार कचेऱ्या

आमच्या गावाच्या कडेला, कालव्याच्या भरावाखाली, दर वर्षी दिवाळी सरली की ऊसतोड मजुरांच्या बावीस-पंचवीस कोप्या उभ्या राहतात आणि दर वर्षी गावातले सगळे जबाबदार लोक त्या आयुष्यात प्रथमच पाहत असल्यासारखे वागतात. मी स्वतः ऊस लावतो आणि माझा फड हीच माणसे तोडतात, त्यामुळे दुसऱ्यांवर संतापताना माझी मान फारशी ताठ नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही यंदा एका नळासाठी आणि दोन फिरत्या शौचालयांसाठी मी ज्या चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, त्याविषयी गप्प बसणे आता शक्य नाही.

कोपी म्हणजे चार बांबू, वर तट्ट्या किंवा फाटकी ताडपत्री आणि कमरेत वाकल्याशिवाय आत शिरता येणार नाही असे दार. बाहेर तीन दगडांची चूल, शेजारी बैल आणि मधल्या जागेत पाचटावर झोपवलेले लेकरू. पाणी आमच्यासारख्या कुणाच्या बोअरवरून न्यायचे, तेही शेतीच्या विजेची पाळी असेल तेव्हाच. ती पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला घागरी घेऊन यायचे आणि पहाटे चारला कोयता हातात घेऊन फडात हजर व्हायचे. बायकांना आडोसा म्हणून उभा ऊस असतो. हंगाम जसजसा सरतो तसतसा तो आडोसाही कमी होत जातो, कारण तो त्यांनाच तोडायचा असतो. टोळीतली एक मावशी मला म्हणाली, "मालक, कडंचा पट्टा शेवटाला तोडू द्या." मी त्याचे कारण विचारले आणि तिने मान खाली घातली, तेव्हा मला माझीच शरम वाटली.

ग्रामपंचायतीत सांगण्यात आले की निधी लोकसंख्येच्या हिशेबाने येतो आणि ही माणसे आपल्या गावच्या यादीत नाहीत. कारखान्याच्या शेती विभागाने सांगितले की आमचा करार वाहतूकदाराशी आहे, मजूर टोळी आणणाऱ्या मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणाला की मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटून मीच गळ्यापर्यंत बुडालो आहे, संडास कशातून बांधू? पंचायत समितीतल्या साहेबांनी तर मला उलटे समजावले की या लोकांना मूळ गावी घरकुल मिळते, मग इथे कशाला?

घरकुल मिळते, हे खरेच आहे. त्या मावशीचेही बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात घरकुल झाले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात स्वतःची भर घालून तिने भिंती उभ्या केल्या, आणि त्या भिंतींना वर्षातले पाच-सहा महिने कुलूप असते. ज्या योजनेला माणूस बारा महिने एकाच जागी राहतो असे वाटते, तिने ऊसतोड मजुराला घर दिले असे कागदावर दिसते, पण थंडीत त्याच्या डोक्यावर छप्पर असत नाही. केंद्राने २०२० साली स्थलांतरितांसाठी भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली, ती शहरांपुरती. १९७९ च्या कायद्याने स्थलांतरित मजुरांच्या निवाऱ्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली, ती राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरती. म्हणजे बीडचा कोयता बेळगावला गेला तर कायद्याला दिसायचा, आणि कोल्हापूर-सांगलीला आला तर दिसत नसे!

पैसा नाही, असेही कुणी मला सांगू नये. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळप केलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असे ठरलेले आहे. दहा कोटी टन गाळपाच्या हंगामात याचे दोन्ही बाजूंचे मिळून २०० कोटी रुपये होतात. हा हिशेब करायला अर्थशास्त्री लागत नाही. मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली, त्याचे मी मनापासून स्वागतच करतो, परंतु अंगावर पिणारे मूल वसतिगृहात राहत नाही, ते आईबरोबर तळावरच येते.

सर्वांत जास्त चीड याची येते की हे स्थलांतर पुरासारखे अचानक येत नाही. गाळप कधी सुरू होणार हे मंत्र्यांच्या बैठकीत ठरते. कोणता कारखाना चालणार हे साखर आयुक्तांच्या परवान्यावर ठरते. किती टोळ्यांशी करार झाले, किती उचल गेली, हे कारखान्याच्या दप्तरात पावसाळ्यातच लिहिलेले असते. आम्हा शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाची सरकारने ठरवलेली किमान किंमत, थकली तर गाळपाचा परवाना अडवता येतो, आणि तो अडवलाच पाहिजे. मग तळावर पाणी, वीज, शौचालय आणि पत्र्याची का होईना पण सरळ उभे राहता येईल अशी खोली नसेल, तर तोच परवाना अडवायला कोणी हात धरला आहे? आम्ही शेतकरी दरासाठी रस्ता रोखतो, ट्रॅक्टरची हवा सोडतो, पण या मागणीसाठी एकही टायर आजवर आम्ही अडवलेला नाही. त्यात मीही आलो.

डिसेंबरात दिलेल्या माझ्या अर्जाला अखेर उत्तर आले. "सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता कोणीही कामगार वास्तव्यास आढळून आले नाहीत, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे," असे त्यात लिहिले होते. पाहणीची तारीख १९ मे होती. टोळी मार्चअखेरीसच परतली होती.