रविवारच्या जेवणाला झालेल्या उशिराबद्दल

नमस्कार ताई. आधी सॉरी म्हणतो, लहान लेकरं भुकेली बसली हे चूकच झालं, आणि काय चालू आहे ते मी बाहेर येऊन सांगायला पाहिजे होतं तेही केलं नाही.

पण आमच्याकडच्या हुरडा-जेवणाच्या रिव्ह्यूत तुम्ही लिहिलं की दीड तास उपाशी ठेवलं, मालकीणबाई तोंड पाडून वाढत होत्या, माणशी ७०० रुपये पाण्यात गेले. ते वाचून आम्हा दोघा नवराबायकोला रात्रभर झोप नाही, म्हणून वेळेचं सांगतो. बुकिंग ८ जणांचं होतं, ११ ला हुरडा आणि १ ला जेवण. सव्वाबाराला मी फोन केला तर तुम्ही म्हणाल्या कळमेश्वरला पोचून राहिलो. गाड्या आल्या २ वाजता अन् उतरले १३ जण. मी एक शब्द बोललो नाही, दारी आलेला पाहुणा आहे. हुरडा तर आगटीतून काढल्या काढल्या खायची गोष्ट, ११ चा भाजलेला २ ला चिवटच लागणार ना.

आता रोटीचं. लांब रोटी म्हणजे तव्यावरची पोळी नाही ताई, की करून डब्यात भरून ठेवली. लोकवन गव्हाचं पीठ सैलसर भिजवून मिसेस ते परातीत आपटत बसते, चांगली तार धरेपर्यंत, मग गोळा हातावर घेऊन कोपरापर्यंत लोंबवायचा आणि उलट्या मडक्यावर टाकायचा, खाली लाकडाचा जाळ, एका वेळी एकच होते. १ च्या हिशोबाने भिजवलेलं पीठ तुम्ही येईपर्यंत इतकं सैल पडलं की हातावरच फाटत होतं, ते बाजूला सारून तिने १३ जणांचं नव्याने भिजवलं. वेळ तिथे गेला. सावजी रस्सा, भरीत, पाटोडी सगळं तयार होतं, लेकरांना भातासोबत आधी वाढून द्यायला पाहिजे होतं, ते मला सुचलं नाही.

आणि तोंड पाडून म्हणाल तर ती पहाटे ५ पासून धुरासमोर होती, डोळे लाल झाले होते तिचे. तुमच्या सासूबाईंना तिखट चालत नाही म्हणून त्यांचा रस्सा तिनेच वेगळा केला, कोणी सांगितलं नव्हतं. हे लिहायला नको, पण तिच्याबद्दलचं वाक्य मनाला फार लागलं.

झाडाला संत्रा नव्हता हे खरं आहे, बाग आंबिया बहाराची, डिसेंबरातच तोड झाली, पुढून बुकिंगलाच सांगत जाऊ. दुसरं मडकं लावायचंही चालू आहे, उशिरा येणाऱ्यांसाठी काहीतरी सोय करतोच.

स्टार तुम्हाला पटेल तेवढे द्या, फक्त तुम्ही किती वाजता आले तेवढं रिव्ह्यूत लिहा ही हात जोडून विनंती, कारण तो वाचून येत्या रविवारचं २० जणांचं बुकिंग काल कॅन्सल झालं.