क्यारचे दोन हजार

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आमच्या कट्ट्यावर अण्णाचा दाब वाढतो. परवा बबनचं कटिंग हातात यायच्या आधीच मोबाइल नाचवत आला.

"आलं! मुंबई बुडणार. १८८२ मध्ये असंच आलेलं. लाख माणसं गेली."

"मोजली कोणी?" संज्या.

संज्या मूळचा श्रीवर्धनचा, वीस वर्षं बोटीवर काढलेला. तो बोलायला लागला की मी चहा बाजूला ठेवतो. अण्णा बोलायला लागला की पितो.

"नेटवर आहे सगळं."

"नेटवर तुझं वय अडतीस आहे. लाख माणसं मेली आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रांना पत्ताच नाही? अभ्यासकांनी शोधून पाहिलं, काही सापडलं नाही. ते वादळ कागदावर उठलं आणि कागदावरच किनाऱ्याला लागलं."

मंद्याला मध्येच शंका. "अमेरिकेतलं हरिकेन वेगळं ना रे?"

"एकच. अटलांटिकात उठलं तर हरिकेन, जपानकडे टायफून. आणि सायक्लोन हा शब्द तर कोलकात्याचा. पिडिंग्टन नावाचा साहेब होता, त्याने १८४०च्या दशकात पाडला. सापाच्या वेटोळ्यावरून."

"बघ! बंगालचंच निघालं!" अण्णाला चेव आला. "मी काय म्हणतो? वादळं बंगालच्या उपसागरातली. आपल्याकडे कुठली!"

दोन मिनिटांपूर्वी मुंबई बुडत होती. पण मंद्याने कप खाली ठेवला तो त्यासाठी नाही.

"हेच वाक्य तू २०१९च्या दिवाळीत म्हणालास. अरबी समुद्रात वादळं होत नाहीत, बिनधास्त पैसे काढा. माणशी दोन हजार, दिवेआगर. आणि आलं क्यार."

"क्यार किनाऱ्याला लागलं का?"

"दोन हजार माझ्या खिशाला लागले का?"

हा विषय दर पावसाळ्याआधी निघतो आणि दर वेळी अण्णा म्हणतो की हॉटेलवाल्याने परत दिलेच नाहीत. हॉटेलवाल्याचा नंबर मात्र त्याच्याकडे नसतो.

संज्याने हिशोब पुढे सरकवला. "बंगालात चार होतात तेव्हा आपल्याकडे एक, हे जुनं गणित. पण त्याच दिवाळीत क्यार आणि महा, दोन वादळं एकदम फिरत होती अरबी समुद्रात. पाणी तापलंय. बबन, पातेलं दाखव रे. हे बघ, वाफ निघते ती उष्णता घेऊन निघते. वर जाऊन तिचा ढग झाला की ती उष्णता सोडते, हवा आणखी वर चढते, खाली दाब आणखी उतरतो आणि चारी बाजूंनी वारा आत घुसतो. पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर पाहिजे, आणि तेही नुसतं वरवर नाही, पन्नासेक मीटर खोल. नाहीतर वादळच समुद्र ढवळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि स्वतःची चूल स्वतःच विझवतं."

"मग विषुववृत्तावर तर ढिगाने होत असतील," मंद्या म्हणाला.

"तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा वळसाच मिळत नाही. पाच अंशांच्या आत क्वचित एखादं. नुसता पाऊस कोसळतो, गरगर नाही."

"जुलैतही समुद्र गरमच असतो की," अण्णा म्हणाला. "तेव्हा का होत नाहीत?"

दहा वर्षांत अण्णाने विचारलेला हा पहिला बरा प्रश्न. संज्यासुद्धा क्षणभर गडबडला.

"खाली नैर्ऋत्येचा वारा, वर उलटा पूर्वेचा, तोही जोरदार. भोवरा धरायच्या आत धड एकीकडे, डोकं एकीकडे. म्हणून आपली वादळं पावसाच्या तोंडावर, नाहीतर ऑक्टोबरनंतर."

इथे थांबला असता तर अण्णा जिंकला असता. पण तो अण्णा. "तरी शेवटी होत काही नाही. ते निसर्ग वादळ बघ, केवढा बोभाटा! वाचली ना मुंबई?"

"३ जून २०२०," संज्या म्हणाला. "सकाळी श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी होती. आठवड्याने फोन लागला तेव्हा आई म्हणाली, ओटीवरून समुद्र दिसतो आता. आधी नुसता ऐकू यायचा. आणि टीव्हीवर काय, मुंबई वाचली! डोंबिवलीत तुझी कुंडी पडली नाही म्हणजे वादळ आलंच नाही. सुपारी लावली की सात-आठ वर्षं थांबावं लागतं, अण्णा."

अण्णाने बिस्किट बुडवलं. ते चहात पडलं. काढायचं धाडस त्याने केलं नाही.

"ते तौते म्हणजे काय रे?" मंद्याने बिचाऱ्याने विषय बदलला.

"पाल. मोठ्याने ओरडणारी. म्यानमारने दिलेलं नाव."

"आणि वादळाच्या डोळ्यात काय असतं?"

"काही नाही. सगळा धिंगाणा भोवती, मधे पोकळ." संज्याने अण्णाकडे बघितलंही नाही, तरी आम्ही फुटलोच.

तेवढ्यात बबन हिशोबाची वही घेऊन आला आणि अण्णाला एकदम घरी गॅसवाला येणार असल्याचं आठवलं. रात्री नऊ वाजता.

"बघून घ्या रे," त्याच्या पाठीकडे बोट दाखवत संज्या म्हणाला. "हुबेहूब क्यार. रत्नागिरीच्या तोंडापर्यंत आलं आणि ओमानकडे वळलं."