आयएसओ १०० चा हट्ट कशाला?

‘मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ कायम १०० ठेवा, वाढवला की फोटोत दाणे येतात’ असा सल्ला फोटोग्राफीत सध्या फिरतो आहे. (आयएसओ म्हणजे कॅमेरा फोटो किती उजळ करणार हे ठरवणारी सेटिंग.) तो अर्धाच खरा आहे.

दाणे मुख्यतः प्रकाश कमी पडल्यामुळे दिसतात. सेन्सरवर किती प्रकाश पडणार हे समोरचा उजेड, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) ठरवतात. आयएसओ प्रकाश वाढवत नाही, मिळालेला संकेत फक्त उजळ करतो.

नाट्यगृहातला प्रयोग घ्या. समजा अ‍ॅपर्चर एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ ३२०० वर फोटो नीट येतोय. आयएसओ १०० वर आणला तर पाच स्टॉप गेले (दर स्टॉपला उजळपणा निम्मा होतो), म्हणजे तेवढ्याच उजळपणासाठी शटर जवळपास १/४ सेकंद उघडं हवं. तेवढ्यात नटाचा हात फिरलेला असतो. शटर तसंच ठेवून काळपट फोटो नंतर संगणकावर उजळवला, तर दाणे तेवढेच दिसतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत, विशेषतः जुन्या, जास्तच. जेपेगमध्ये (कॅमेऱ्यानेच आकसून साठवलेल्या फाइलमध्ये) तर हाल विचारू नका.

ट्रायपॉडवरून सह्याद्रीतली पहाट टिपायची असेल तर १०० उत्तमच, कारण डोंगर हलत नाहीत. (वाऱ्यात डोलणारं गवत मात्र हलतं.)

आयएसओ वाढवण्याचा खरा तोटा वेगळाच आहे: उजळ भागांना वाव कमी उरतो. स्पॉटलाइटमधलं पांढरं धोतर नुसता पांढरा ठिपका होऊ शकतं, म्हणून हिस्टोग्रामची (फोटोतल्या उजळपणाच्या आलेखाची) उजवी, म्हणजे सर्वांत उजळ भागाची कड तपासत राहा.